घरात माणसं किती?

सोमवार, ३

आजपासून रोजनिशी. उद्या कुणी माझ्यावर लिहायला बसलं तर त्याच्या हाताशी काहीतरी हवं. मला स्वतःविषयी बोलायला हल्ली वेळच मिळत नाही.

मी फर्निचरच्या दुकानात विक्रेता आहे. वरच्या मजल्यावर आम्ही खोल्या मांडून ठेवल्या आहेत, तीन भिंतींच्या. चौथ्या बाजूने गिऱ्हाईक आत येतं. त्यातली चार नंबरची खोली माझी लाडकी. सोफा, जेवणाचं टेबल, भोवती सहा खुर्च्या. टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं प्लास्टिकची, पुस्तकांच्या नुसत्या पाठी कपाटाला चिकटवलेल्या. खिडकीच्या जागी बागेचं पोस्टर आहे आणि त्या बागेत कायम सकाळच असते.

मागे मालक म्हणाले, "विक्री थंडावली आहे. फोनवर काहीतरी टाका." मी टाकलं. चार नंबरात टेबलाशी बसलो आणि समोर कॅशियरबाईंना बसवलं. वॉचमनकाका सोफ्यावर झोपलेलेच होते, त्यांना उठवलं नाही. मी बाईंना विचारलं, "काय गं, दिवस कसा गेला?" बाई म्हणाल्या, "पाय दुखतायत." मी म्हटलं, "बस निवांत. मी ऐकतोय." एवढंच. सोफ्याची किंमत सांगायची राहूनच गेली.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. तेव्हापासून आम्ही 'चार नंबरचं घर' आहोत. कॅशियरबाई म्हणजे सगळ्यांच्या वहिनी. वॉचमनकाका म्हणजे आप्पा, माझे वडील. "आप्पांच्या चेहऱ्यावर केवढी शांती!" असं लोक लिहितात. काका अजून एकाही व्हिडिओत जागे नव्हते.

शुक्रवार, ७

अंगावर मूठभर मांस चढलं आहे. आज एका ताईंनी लिहिलं, "माझा नवरा माझं काही ऐकूनच घेत नाही. दादा, तुम्हीच मार्ग दाखवा." मी घरी गेल्या गेल्या उत्तर लिहायला बसलो. अशा गोष्टी घाईत उरकायच्या नसतात.

बायको समोर येऊन बसली. (ही खरी बायको. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते.) म्हणाली, "मला जरा बोलायचंय."

"बोल की."

"फोन ठेव ना."

"एकच मिनिट. एका बाईचा संसार अडलाय."

मी लिहिलं, "ताई, ऐकून घेणं म्हणजे अर्धा संसार. नवऱ्याला समोर बसवा, डोळ्यांत डोळे घालून सांगा. दगडालाही पाझर फुटतो." लिहून दोनदा वाचलं, मलाच पटलं. मान वर केली तर बायको भांडी आवरत होती. म्हटलं, "हं, बोल." ती म्हणाली, "झालं बोलून." आमच्यात हे एक बरं आहे, कुणी फार ताणत नाही.

मंगळवार, ११

आता लोक दुकानात येतात. फर्निचर बघायला नव्हे, आम्हाला बघायला. आज एक जोडपं आलं. जिन्यातच कडाक्याचं भांडण चाललं होतं. चार नंबरात शिरल्यावर सोफ्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसले, फोटो काढला, कॅशियरबाईंच्या पाया पडले आणि जिना उतरताना भांडण जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.

बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या काउंटरवर रांग लागलीय. हा संसार किती वेळ चालायचाय?" बाई कामाला चोख आहेत, पण कलेची जाण नाही.

गुरुवार, १३

कॅशियरबाईंनी रजा टाकली. लोक संध्याकाळी वाट बघत असतात. मग डोक्यात प्रकाश पडला: घरची बायको असताना बाहेर कशाला शोधायची?

तिला विचारलं तर लगेच 'हो' म्हणाली. मला आश्चर्यच वाटलं. ठेवणीतले कपडे घालून आली, टेबलाशी बसली, हात मांडीवर. मी फोन सुरू केला आणि विचारलं, "काय गं, दिवस कसा गेला?"

"खरं सांगू?"

"सांग ना."

"आमच्या दुकानाची नवी शाखा निघतेय, बाहेरगावी. तिथलं सगळं मी बघावं म्हणतायत. मला जावंसं वाटतंय आणि भीतीही वाटतेय. किती दिवस तुला विचारीन म्हणते..."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. म्हटलं, "अगं, फार लांबलं. नुसतं 'पाय दुखतायत' म्हण."

"माझे पाय दुखत नाहीयेत."

"लोकांसाठी म्हण. आणि बघताना जरा बायकोसारखं बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी तुझ्याकडे कशी बघते, ते तुला आठवतं का रे?" वाक्य फर्मास होतं. नेमकं रेकॉर्डिंग बंद.

शेवटी ती "पाय दुखतायत" म्हणाली एकदाची. संध्याकाळी प्रतिक्रियांचा पाऊस. "ही कोण?" "वहिनींना परत आणा!" "या बाई बायको वाटतच नाहीत." "दादा, मोहाला बळी पडू नका, वहिनी देवमाणूस आहे." लेक मोठ्याने वाचून दाखवत होती आणि खिदळत होती. मध्येच तिचं हसू थांबलं. मी बायकोची समजूत घातली, "मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

"काय जमत नाही?"

"बायकोचं काम," मी म्हटलं. ती हसली. म्हणजे रागावली नव्हती.

रविवार, १६

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा. एका बड्या कंत्राटदाराने चार नंबरची अख्खी खोली विकत घेतली, पुठ्ठ्याच्या टीव्हीसकट. अट एकच: पहिल्या दिवशी सोबत आम्हीही हवे. "व्हिडिओत दिसतं तसं सगळं," असं त्याचं म्हणणं. मालक म्हणाले, "गिऱ्हाईक देव असतं. जा."

आज लेकीची शाळेत भाषणाची स्पर्धा होती आणि मी येतो म्हणालो होतो. पण देवापुढे कोणाचं चालतं?

कंत्राटदाराचा बंगला प्रशस्त. त्याच्या दिवाणखान्यात आमची खोली जशीच्या तशी मांडली. खऱ्या खिडकीवर आमचं खिडकीचं पोस्टर लावलं. आम्ही टेबलाशी बसलो. कंत्राटदाराची बायको आणि दोन तरणेताठे मुलगे भिंतीला टेकून उभे राहिले, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखे. कंत्राटदार सोफ्याच्या कडेला बसला. आप्पा, म्हणजे वॉचमनकाका, उरलेल्या जागेत आडवे. ते टेम्पोत सोफ्यावर झोपलेच होते, सोफ्यासकटच उतरवले.

मी कॅशियरबाईंना विचारलं, "काय गं, दिवस कसा गेला?" बाईंनी तोंड उघडायच्या आत कंत्राटदारच बोलला, "वाईट गेला." आणि मग तो बोलतच सुटला. कुठल्याशा पुलाचं काम, एक मेलेला मित्र, रात्ररात्र न लागणारी झोप. मुलगे वडिलांकडे असे बघत होते, जणू हा माणूस बोलतो हे त्यांना आजच कळलं. शेवटी बायको भिंत सोडून आली आणि त्याच्या शेजारी बसली. मग आम्हाला तिथे काही कामच उरलं नाही. माझ्या एका प्रश्नात केवढी ताकद आहे बघा!

वॉचमनकाकांना उठवू लागलो तर मुलगे म्हणाले, "आप्पांना झोपू द्या ना." ते तिथेच राहिले. दुकानाला आज रात्री वॉचमन नाही.

घरी लेकीला विचारलं, "भाषणाचं काय झालं?" दुसरा नंबर आला म्हणाली. मी म्हटलं, "वा! थांब, फोन स्टँडवर लावतो, पुन्हा म्हणून दाखव." म्हणाली, "विसरले." आजकालच्या पोरांच्या काही लक्षातच राहत नाही.

गुरुवार, २०

चार नंबरात नवं सामान लावलं. काका अजून बंगल्यातच आहेत. कंत्राटदाराचा फोन येतो, "आप्पांचा नाश्ता चाललाय, संध्याकाळी पाठवतो." संध्याकाळ काही येत नाही.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच. दुपारी बायको दुकानात आली. घरच्या माणसासारखी नव्हे, गिऱ्हाइकासारखी. दोन गिऱ्हाइकं पुढे होती, तर रांगेत थांबली. पाळी आली तेव्हा म्हणाली, "मला टेबल-खुर्च्या दाखवता?"

मी उडालोच. बाईला अखेर अभिनय उमगला! परवाची टीका बरोबर लागली होती. मी चटकन फोन स्टँडवर लावला आणि सुरुवात केली.

"या, बसा. घरात माणसं किती?"

आमच्या धंद्यातला हा पहिला प्रश्न. हा आकडा कळला की बाकीचं आपोआप ठरतं. ती म्हणाली, "दोन."

"दोनच? आणि येणारेजाणारे?"

"येतील तेव्हा बघू."

"टेबल केवढं हवं?"

"दोघी समोरासमोर बसल्या की एकमेकींचं ऐकू यावं, एवढं."

"घरात पुरुषमाणूस नाही का?"

"आहे. कामात असतो."

इथे मी माझ्या अनुभवाचा डाव टाकला. "मग त्यांच्यासाठी एक खुर्ची जादा टाकू? असू द्या हाताशी."

ती थोडी थांबली. "घेतली असती. पण रिकामी खुर्ची रोज बघवत नाही हो."

अंगावर काटा आला. असं थांबणं शिकवून येत नाही. मी तिला गोल टेबल दाखवलं, पायाला उंची जुळवायचे स्क्रू असलेलं. दोन खुर्च्या जोडीला. "पोहोचवायचं कुठे?" तिने त्या बाहेरगावचा पत्ता सांगितला, अगदी गल्लीसकट. काय तपशील! "मंगळवारी पाठवा. आम्ही सोमवारी जातोय," म्हणाली. मी तिला कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांची सवलतही देऊन टाकली.

काउंटरवर कॅशियरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, पावती खरी फाडू?"

"खरीच फाडा. खरं वाटलं पाहिजे."

"तुम्हाला कळतंय ना, काय विकताय ते?"

"गोल टेबल आणि दोन खुर्च्या," मी म्हटलं. बाईंनी कपाळाला हात लावला. हिच्यामुळे आपली वहिनीपदाची जागा जाणार ही धास्ती, दुसरं काय? असूया माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.

शनिवार, २२

आजवरच्या सगळ्या व्हिडिओंवर ताण! "ही बाई इतके दिवस कुठे होती?" "रिकाम्या खुर्चीचं ऐकून रडलो." एकाने लिहिलं, "दादा, ही बाई अभिनय करत नाहीये." मी त्याला बदाम दिला आणि उत्तर लिहिलं, "हेच तर तिचं यश!"

घरीही वातावरण उत्तम. बायकोने कपाटं रिकामी करायला घेतली आहेत. एक कप्पा पूर्ण मोकळा झाला, तिथे माझा शूटिंगचा दिवा छान बसला. लेकीचा शाळेचा दाखलाही काढून आणला म्हणाली. म्हटलं, उत्तम केलंस, महत्त्वाचे कागद घरातच असावेत.

जेवताना तिने विचारलं, "तुला काही म्हणायचंय का?"

मी मनापासून म्हणालो, "मला तुझा अभिमान वाटतो."

तिने ताट अर्धं टाकून दिलं. भूक नसेल.

सोमवार, २४

सकाळी मी लाइव्ह होतो. रिकामी खुर्ची या विषयावर लोक प्रश्न विचारत होते. बायको आणि लेक दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात बॅगा. "आम्ही निघतो," ती म्हणाली. मी हात वर केला. बोललो असतो तर आवाज सगळ्यांना गेला असता.

संध्याकाळी घरी कुणी नाही.

आधी वाटलं, माहेरी गेल्या असतील. मग कपाट उघडलं. कप्पे सगळेच मोकळे होते. दिवा एकाच कप्प्यात होता.

मी बसलो आणि तो व्हिडिओ लावला. यापूर्वी पन्नासदा पाहिला असेल, पण माझ्याकडे बघत. माझं बोलणं कसं, माझा हात कसा, माझा शर्ट कसा. आज तिच्याकडे बघितलं. ती एकेक शब्द मला सांगत होती. गावाचं नाव सांगत होती, वार सांगत होती. खुर्चीचं विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं होतं, मी काहीतरी बोलीन म्हणून. आणि मी म्हणालो होतो, "रंग कोणता दाखवू?"

मी माझ्या बायकोला वेगळा संसार विकला, आणि वर सवलत दिली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला भीती वाटते आहे, हे लिहून ठेवतो. फोन हातात होता, पण तिला फोन केल्यावर काय बोलायचं ते सुचेना. बोटांना सवय, म्हणून लोकांनाच लिहिलं, "बायको घर सोडून गेली." क्षणात विचारणा, "कुठली? वहिनी की ती दुसरी?" मग बदाम आणि रडके चेहरे यायला लागले, शेकड्याने. आयुष्यात पहिल्यांदा मी फोन स्वतःहून बंद केला.

गुरुवार, २७

तीन दिवस तिला फोन लावला. एकदा उचलला. मी म्हटलं, "मी बोलतोय." ती म्हणाली, "बोल." माझ्या तोंडून निघालं, "दिवस कसा गेला?" तिने फोन ठेवला. बरोबरच केलं. ते वाक्य आता कुणालाही विचारायच्या लायकीचं राहिलेलं नाही.

मालकांना सांगितलं, व्हिडिओ बंद. मालक म्हणाले, "वेड लागलंय का? आता तर तुमची बायको गेलीय, लोक तुटून पडतील." कॅशियरबाई काउंटरवरून म्हणाल्या, "मालक, मीही घटस्फोट घेतलाय यांच्यापासून. आता विक्रीचं बघा." मग माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "जेवलात का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मी या बाईंसमोर बसत होतो आणि त्यांच्या पायांना नेमकं काय झालंय हे एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारलं. नस दबली आहे म्हणाल्या, दोन वर्षं झाली.

दुपारी दुकानाचा फोन वाजला. तक्रारीचे फोन मीच घेतो.

"नमस्कार, बोला."

"तुमच्याकडून टेबल घेतलंय," पलीकडून आवाज आला. "हलतंय."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आवाज तिचाच. "कुठला पाय?"

"ते तुम्ही येऊन बघा."

"फिटर पाठवू?"

"फिटर नको. ज्यांनी विकलं त्यांनीच यावं. रविवारी मी घरी असते." आणि फोन ठेवला.

कॅशियरबाईंनी विचारलं, "काय तक्रार आहे?" मी म्हटलं, "टेबल हलतंय." बाई म्हणाल्या, "त्या टेबलाची? त्या प्रकारचं आजवर एकही टेबल हललेलं नाही." आणि पावत्या मोजत बसल्या.

रविवार, ३०

पहाटेची बस धरली. पिशवीत पेचकस, पाना, लेव्हल आणि जादा स्क्रू. फोन घरीच ठेवला. रस्ताभर काय बोलायचं त्याचा सराव केला आणि उतरताना सगळं विसरलो.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लेकीने दार उघडलं, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आत ओरडली, "आई, फर्निचरवाले आलेत!"

बायको बाहेर आली. "या," म्हणाली. "टेबल तिकडे आहे."

टेबल खिडकीशी होतं. खऱ्या खिडकीशी, बाहेर कुणाचे तरी कपडे वाळत होते. मी चारही बाजूंनी हाताने दाबून पाहिलं. मग लेव्हल ठेवली, बुडबुडा बरोब्बर मध्ये. पुन्हा दाबलं, जोर लावून. मी या धंद्यात केस पिकवले आहेत. टेबल तसूभरही हलत नव्हतं.

मी वर पाहिलं. ती फडक्याने चष्मा पुसत उभी होती, माझ्याकडे न बघता. "हलतंय ना?" तिने विचारलं.

आयुष्यभर मी हलणारी टेबलं हलत नाहीत असं गिऱ्हाइकांना पटवत आलो. आज म्हणालो, "हो. बरंच हलतंय."

पेचकस घेऊन टेबलाखाली शिरलो आणि उताणा पडलो. खालून फळी दिसते नुसती. मी एक स्क्रू सैल केला आणि पुन्हा घट्ट केला. जरा वेळाने लेक खाली आली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली. "सापडला दोष?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माझाच आहे." "ते माहितीये," ती म्हणाली आणि पाना माझ्या हातात दिला.

मग बायकोही खाली जमिनीवर बसली, टेबलाच्या पायाला पाठ टेकून. मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता.

"किती वेळ लागेल?"

"बराच," मी म्हणालो.

खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती चालू होत नव्हती. मग बायको म्हणाली, "पहिल्या दिवशी आमच्या दुकानाची पाटीच उलटी लागली." आणि सांगायला लागली. पाटी सरळ करायला शिडी नव्हती, शेजारच्या शिंप्याने कापायचं टेबल बाहेर काढून दिलं, त्यावर चढून तिने स्वतः ती फिरवली. पहिल्याच म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने चष्मा लावला आणि म्हणाला, "अरे, तुम्ही बाई आहात होय!" ती हे सांगताना हसली. मला एकदा मध्येच एक चटकदार वाक्य सुचलं होतं. जीभ चावली. तिला भीती वाटली ते तिने सांगितलं, रात्री लेकीला जवळ घेऊन रडली तेही सांगितलं. मी "हं" म्हणत होतो आणि ते "हं" कसं वाटतंय याचा विचार करत नव्हतो.

उन्हं फिरली. लेक तिथेच माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपून गेली. परतीची बस निघून गेली असणार.

"झालं का?" बायकोने विचारलं.

मी वर हात नेऊन आधीच घट्ट असलेला स्क्रू चाचपला.

"नाही अजून."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीचं सांगू लागली.